वामनरावांपेक्षा तीन तास जास्त

आता तुमच्यापासून काय लपवू? 'दुसऱ्याचं बरं बघून जळू नये' हे मी स्वतः फळ्यावर लिहून पोरांकडून गिरवून घेतलं होतं. आणि त्याच जळण्यापायी एका वैशाखात, भर दुपारी, अख्ख्या पाली गावादेखत माझी जी शोभा झाली, ती ऐका. हसा खुशाल, पण कपबशी सांभाळा. ती मंडळींच्या माहेरची आहे, आणि सगळा घोळ त्या माहेरापासूनच सुरू होतो.

संस्थानाचे दिवस ते. राजगडाच्या पायथ्याला, पालीच्या मराठी शाळेत मी एकटा मास्तर. एक खोली, चार इयत्ता, आणि घड्याळ? नाव काढू नका! सूर्य गडाच्या माचीला टेकला की मी घंटा द्यायचो आणि पोरं उधळल्यासारखी घरी पळायची. चौथी झाली की हुशार पोरगं भोरला इंग्रजी शाळेत जायचं. जायचं कसलं, जाऊन परत यायचं!

आदल्या साली मी दोघांना धाडलं. पहिला चौथ्या दिवशी दारात हजर.

"का रे आलास?"

"घंटा झाली की दफ्तर उचलून आत्याच्या घरी जायाचो. तर हेडमास्तर म्हनलं, जा आता गावालाच."

"अरे, पण शाळा सुटण्याआधीच?"

"घंटा झाली म्हंजी सुटलीच की, मास्तर!"

दुसरा आठवडाभर टिकला. तो म्हणाला, "एक मास्तर आलं, ते उठून गेलं. दुसरं आलं, ते बी गेलं. म्या म्हनलं, हितं मास्तरच टिकंना, आपन कशाला टिकायचं?"

यंदा तुकाची पाळी होती. मेंढरं राखणाऱ्या बिरूचा हा पोरगा. पावकी-निमकी झोपेत विचारा, चुकायचा नाही. पण बिरूनं मला बजावलं होतं, "मास्तर, तुमच्या शब्दावर धाडतुया. माघारी आला, तर मेंढरामागं जाईल. पुन्यांदा शाळंचं नाव न्हाई काढायचं." मला खरोखर धास्ती बसली. असं पोरगं माझ्यामुळे वाया गेलं, तर गावात तोंड कुठं दाखवायचं?

आणि तिकडे आंबवड्याला वामनराव! ट्रेनिंगला आम्ही एकाच बाकावर होतो. तिथे याचा नंबर माझ्याहून एकाने वर. एकाने! ते अजून सलतं मला. याची पोरं भोरला जायची आणि तिथेच राहायची. आमचं कुटुंब, म्हणजे सगुणा, आंबवड्याचं, त्यामुळे पानात भाकरीआधी वामनराव पडायचे.

"आमच्या वामनरावांचं एक बी पोरगं माघारी आलं न्हाई," सगुणा म्हणायची. "इचारा की त्यांना, काय करत्यात ते."

मी विचारू? त्या वामन्याला? जीव गेला तरी बेहत्तर!

पण चोरून माहिती काढायला काय हरकत आहे? कापूरहोळला सर्व्हिस मोटारीची वाट बघत बसलो होतो, तेव्हा शेजारी आंबवड्याचा एक शेतकरी येऊन टेकला. मी आपलं सहज विचारल्यासारखं केलं, "काय हो, तुमचे मास्तर पोरांना एवढं शिकवतात तरी काय?"

"शिकवायचं काय त्यात! निसतं तास धरायला लावत्यात," तो म्हणाला. "चौथीच्या पोरांस्नी रोजचं पाच तास. घंटी वाजली की एक तास सोडायचा, दुसरा धरायचा. आधी पोरं लई बिथरायची. आता गप चालत्यात."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! मी जातीचा शेतकऱ्याचा पोर. तास म्हटलं की मला नांगर दिसतो, आणि नांगराने पाडलेली ती सरळ चर. घंटी म्हणजे बैलाच्या गळ्यातली. बिथरायची, गप चालतात... सगळं कसं चपखल बसत होतं! म्हणजे वामन्या पोरांकडून नांगरट करून घेत होता!

तुम्ही म्हणाल, नांगरटीचा आणि इंग्रजीचा काय संबंध? मीही विचार केला ना! त्या वेळी पोरांना हातची कामं शिकवायचं नवं वारं सुटलं होतं. शिवाय सरळ तास पाडणारा पोरगा सरळ ओळीत लिहिणार, न बिथरता चालणारा पोरगा नव्या शाळेत बिथरणार नाही. मत्सरी माणसाला पुरावे शोधावे लागत नाहीत, ते आपणहून चालत येतात. मनात म्हटलं, वामनराव, तुमचे पाच ना? माझे आठ!

सुट्टी लागली होती, तरी तुका धरून यंदा भोरला जाणाऱ्या चार पोरांना मी बोलावलं. पाटलांची बैलजोडी मागून आणली. शाळेमागच्या पडीक तुकड्यात नांगर धरला. आता मला नांगर सोडून झाली होती वीस वर्षं. पहिला तास असा गेला, की नागमोडी म्हणावं तर नागाला राग यावा. गाव बांधावर जमला.

"मास्तर, काय पेरताय?" कुणीतरी विचारलं.

"इंग्रजी!" मी ठणकावून सांगितलं.

बैलांच्या गळ्यात घंटी नव्हती. मग शाळेची घंटा झाडाला टांगली होती. तुकाला म्हटलं, "तास संपला, दे घंटा!"

त्यानं दिली घंटा. आणि मग काय झालं, सांगू? चारही पोरं दफ्तरं उचलून घराकडे पळत सुटली. घंटा देणारा तुका सगळ्यांत पुढे! त्या कलकलाटाने बैल बुजले, ते नांगरासकट पाटलांच्या गोठ्याकडे निघाले. मी मागे फरपटलो, धोतराचा सोगा नांगरात अडकला, आणि शेवटी ढेकळांत पालथा पडलो.

मान वर केली, तर समोर चकचकीत वहाणा. वामनराव!

"गणपतराव, हे काय चाललंय?"

"तुमचं गुपित कळलंय आम्हाला!" मी तोंडातली माती थुंकून म्हणालो. "तुम्ही पाच तास घेता ना? आम्ही आठ घेतो!"

तो नांगराकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. आणि जो हसत सुटला! बांध धरून खालीच बसला.

"अहो, घड्याळाचे तास! इंग्रजी शाळेत एकेक विषय तासभर चालतो. घंटा झाली की तास बदलतो, मास्तर बदलतात, शाळा सुटत नाही. तेवढं पोरांना आधीच सवयीचं करतो मी."

आता तुम्हीच सांगा, एवढी साधी गोष्ट! घंटेला पळालेलं पोरगं गेल्या साली माझ्याच दारात उभं राहिलं होतं. पण माझं सगळं लक्ष आंबवड्याकडे!

"पण तुम्ही इथे कसे?"

"म्याच निरोप धाडला माहेरी," बांधावरून सगुणा म्हणाली. "तुमी काय इचारणार न्हवता."

वामनराव चार दिवस राहिले. खिशातलं घड्याळ काढून तास पाडले. एक तास ते, एक मी, आणि एक तास चक्क सगुणा. तिनं ओव्या म्हणायला लावल्या. पहिल्या दिवशी घंटेला पोरं पळाली, चौथ्या दिवशी बसल्या जागी वही बदलून गप राहिली. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाला आतून वाळवीही लागली.

तुका बाकीच्या तिघांबरोबर भोरला गेला. आषाढ गेला, श्रावण गेला, एकही पोरगं माघारी नाही! मी गावात छाती काढून फिरू लागलो. बिरूनं एक घोंगडी आणून दिली. दिवाळीच्या तोंडावर मी मुद्दाम भोरला गेलो. हेडमास्तर म्हणाले, "पोरगा हुशार आहे. त्याला विचारलं, तुझी तयारी कुणी करून घेतली? म्हणाला, दोघा मास्तरांनी."

"दोघांनी?" मला भरून आलं. वामनरावाच्या जोडीनं माझं नाव!

"हो. म्हणाला, 'आंबवड्याच्या मास्तरांनी तास शिकवला आणि आमच्या मास्तरांनी बी तासच शिकवला.' मला काही उमजेना. म्हटलं, मग दोघांच्या तासात फरक काय रे?"

"काय म्हणाला?"

हेडमास्तरांनी हसू दाबत चष्मा पुसला.

"म्हणाला, 'आंबवड्याचा सरळ हुता, सर.'"