आजऱ्याला जाऊन म्हशीची धार काढली

दर थंडीत माझं मन खचतं. पण पाचला म्हस वरडायची, उठावंच लागायचं. यंदा गुडघ्यापायी म्हस विकली आणि दसऱ्यानंतर मी अंथरुणालाच चिकटलो. डॉक्टरनी गोळ्या दिल्या, सकाळी उनात फिरा म्हणालं. गोळ्या घेतल्या. फिरतंय कोण?

मग आजऱ्याच्या आक्काचा फोन. हात मोडलाय, म्हस दुसऱ्या कुणाला कासंला हात लावू देईना. पिशवीत गोळ्या टाकल्या, निघालो.

कोल्हापूर स्टँडवरनं सातची यष्टी. निपाणी, उत्तूर, आजरा. तीन तास धरा. म्हाताऱ्यास्नी अर्धं तिकीट, आधार कार्ड विसरू नका. डाव्या बाजूला बसा, ऊन मिळतंय. उत्तूरला चहा-भजी खाल्ली. काजूच्या बागा लागल्या की आजरा आलंच. तिथनं वडापच्या जीपनं आक्काचं गाव धा मिनिटं.

संध्याकाळी धारंला बसलो. लाथ बसली, चरवी लांब. आक्का उंबऱ्यातनं म्हणाली, "तिला माझा वास पायजे. माझं लुगडं घे डोक्यावरनं."

ह्या वयात? मी न्हाय म्हणालो.

"मग बस तिच्या लाथा खात."

घेतलं लुगडं. म्हशीनं हुंगलं आणि पान्हा सोडला की. कुंपणापलीकडनं शेजारीण म्हणाली, "आक्का, नवी सून दांडगी हाय गं." मी हसलो. दसऱ्यानंतर पयल्यांदाच, माझं मलाच कळंना.

दुसऱ्या दिशी परत छातीवर धोंडा. उठूच नये वाटलं. पण म्हस वरडली. मन हलकं व्हायची वाट बघत बसलो असतो तर म्हशीची कास दुधानं तटली असती. तसंच जड मन घेऊन धार काढली. मग उनात बसून आजऱ्याचा वासाचा घनसाळ भात आणि दूध खाल्लं. असं आठ दिवस. मग आक्काचं लुगडं घेऊन शेजारीण धार काढाया लागली.

घरी आलो. पयल्या सकाळी गोठा रिकामा, नऊपत्तोर लोळलो. स्वतःचाच राग आला. दुपारी शेजारच्या तात्याकडं गेलो, त्याच्या दोन म्हशी हायत, धार वहिनी काढत्यात. सकाळची धार मी काढणार, म्हणालो.

तात्या हसला. "गुडघ्याचं काय?"

"स्टूल घेतो."

"आणि पगार?"

"पगार नको. वहिनीची एक जुनी साडी तेवढी दे."