नळीवरचा फेस

बाबा गेल्यावर त्यांचं कपाट आवरताना दाढीचा ब्रश हाती आला आणि घोडबंदर रोडच्या आमच्या गच्चीवरची ती संध्याकाळ आठवली. बार्बेक्यूला सिलिंडर जोडून बाबा याच ब्रशने नळीला साबणाचा फेस लावत होते. क्लिपपाशी बुडबुडे फुगले. मी नाक दाबून म्हणाले, "बाबा, केव्हाचा वास मारतोय! फेस कशाला हवा?" सगळे हसले, तेही हसले. गॅस बंद करून त्यांनी क्लिप आवळली, पुन्हा फेस लावून पाहिला, मगच पेटवू दिलं. पुढे त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "कंपवातात बऱ्याचदा वास आधीच जातो. तुम्हाला कधीपासून येत नाही?" माझ्याकडे न बघता बाबा म्हणाले, "झाली बरीच वर्षं." ब्रशला साबणाचा वास अजून आहे, आणि तो मला येतोय याचंच रडू येतं.