गल्लीनं लावलेलं चॅनेल

माझ्यामुळे आमच्या गल्लीतल्या बायकांना दोन-अडीच महिने गोल्फ बघावा लागला. त्यातल्या एकीलाही गोल्फ म्हणजे काय हे माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही फारसं कळत नाही.

मी दिल्लीजवळच्या एका स्पोर्ट्स चॅनेलमध्ये हायलाइट्स कापायचो. दिवसभराचा सामना अर्ध्या तासात बसवायचा, हे काम. चौकार, षटकार, बळी, आणि मध्येच प्रेक्षकांत जांभई देणारा एखादा बाप्या. मध्य प्रदेशातल्या आमच्या पांढुर्ण्यात हे समजावून सांगणं कठीण होतं. मी खेळत नाही, बोलत नाही आणि दिसतही नाही म्हटल्यावर लोक कीव आल्यासारखे बघायचे. पण पोरगा टीव्हीत आहे एवढं सगळ्यांना ठाऊक होतं, आणि आईला तेवढं पुरे होतं.

आई निवृत्त शिक्षिका. इथल्या मराठी शाळेत तिने इतकी वर्षं पहिली-दुसरी शिकवली की गल्लीतल्या निम्म्या बायका तिच्याच हाताखालून गेल्या आहेत. कुणी आता स्वतः आजी झाली असली तरी आई समोरून आली की पदर सावरते. बाबा गेल्यापासून ती एकटीच राहते, पण एकटी म्हणणं तसं चुकीचंच, कारण दुपारी चारनंतर आमचा ओटा कधी रिकामा नसतो.

दिवाळीच्या सुमारास चॅनेलमधून माणसं काढायला सुरुवात झाली. मोठ्या स्पर्धांचे हक्क दुसऱ्यांनी पळवले होते. पोरंसोरं फोनवरच तुकडे बघून मोकळी होत. आमच्याकडे दाखवायला उरले होते जुने सामने, मोटारसायकलींच्या शर्यती आणि गोल्फ. पहिल्या खेपेत मी वाचलो. वाचल्याच्या भरात आईला फोन लावला आणि कोण कोण गेलं ते सगळं सांगून टाकलं.

"काऊन काढलं रे त्याइले? काम नव्हते करत काय?" तिने विचारलं.

"काम करत होते. पण लोक पाहतच नाहीत आई आमचं चॅनेल."

हे तिच्या पचनी पडेना. आमच्या गावाला बघ्यांचा तोटा कधी पडलेला नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीच्या जत्रेत जाम नदीच्या अलीकडून आमचे आणि पलीकडून सावरगावचे एकमेकांवर दगड भिरकावतात, तेव्हा छपरांवरही पाय ठेवायला जागा नसते. फुकटात घरबसल्या दाखवतात आणि कुणी पाहत नाही, असं कसं? थोडं थांबून ती म्हणाली, "एवढंच ना?"

त्या "एवढंच ना"चा अर्थ मी तेव्हाच विचारायला हवा होता.

दुसऱ्या खेपेत माझा नंबर लागला. ज्या खोलीत आम्ही एकमेकांच्या वाढदिवसाचे केक कापायचो, त्याच खोलीत एकेकाला बोलावलं. समोरच्या बाई फार गोड बोलल्या. तुमच्या कामात काही खोट नाही, दिवसच असे आहेत, म्हणाल्या. आणि मी म्हणालो, "थँक यू." ज्यांनी मला हाकललं त्यांचे मी आभार मानले, वर जाताना खुर्चीसुद्धा आत सरकवून ठेवली. नोकरी जाण्यापेक्षा त्या खुर्चीची मला जास्त लाज वाटते.

भाड्याची खोली सोडली, सामान बांधलं आणि संक्रांतीच्या आधी पांढुर्ण्याच्या स्टेशनवर उतरलो. खोटं बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं. पण आई दारात उभी होती, समोरच्या काकू मला पाहून ओट्यावरून खाली उतरल्या होत्या, आणि दोघींचे चेहरे असे फुलले होते की तोंडातून निघून गेलं, "आता काही दिवस घरूनच काम करायचं आहे." काकू म्हणाल्या, "बरं झालं बाप्पा, आईजवळ राहशीन." झालं. सांगायची वेळ तिथेच हुकली.

घरात शिरलो तर टीव्ही चालू. आमचंच चॅनेल. हिरव्यागार मैदानावर एक गोरा माणूस चेंडूकडे टक लावून उभा होता आणि निवेदक कुजबुजत होता. आई आत स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलेली.

"कोणी पाहत नाही तर चालू कशाला ठेवला?"

"तुहं चॅनेल हाये ना. लावून ठेवते. कोनी म्हनू नये का कोनीच पाहत नाई."

मी हसलो. संध्याकाळी कोपऱ्यावर जाऊन येताना मात्र हसू मावळलं. एकेका घरावरून जात होतो आणि प्रत्येक दारातून तीच कुजबुज बाहेर येत होती. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत इंग्रजीत गोल्फ चालला होता. आईने सांगितलं होतं. घरोघर जाऊन सांगितलं होतं की माझ्या पोराच्या चॅनेलवर वाईट वेळ आली आहे, रोज संध्याकाळी तासभर लावत जा. आणि बाईंनी सांगितल्यावर नाही म्हणायची प्राज्ञा कोणाची! त्यात ती मास्तरीण, नुसतं सांगून थांबणारी नव्हे. दुसऱ्या दिवशी ओट्यावर गृहपाठ तपासायची. "काल काय दाखवलं वं?" मग एखादी बापडी आठवून आठवून सांगायची, "बाई, ते पोट्टे गाड्याइवर गोल गोल फिरून राहिले होते. एक पडला."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. किती लोक काय पाहतात ते मोजायचं यंत्र काही मोजक्याच घरांत बसवलेलं असतं, आणि ती घरं कोणती हे गुपित असतं. आमच्या गल्लीत तसलं यंत्र असण्याची शक्यता नव्हती. असतं तर बसवायला आलेल्या माणसाला आईने चहा पाजून ते गुपित पांढुर्णाभर केलं असतं. म्हणजे गल्लीने रात्रंदिवस गोल्फ पाहिला असता तरी तिकडे कुणाला पत्ता लागणार नव्हता. मला हे माहीत होतं, मी बोललो नाही. बोलायला गेलो असतो तर पुढचंही बोलावं लागलं असतं.

मग आमच्याकडे हळदीकुंकू झालं. बाबा गेल्यावरही आईने ते सोडलं नव्हतं, आणि बाईंना टोकायची गल्लीत कुणाची हिंमत नव्हती. मी स्वयंपाकघरात तिळाच्या लाडवांच्या वाट्या भरत होतो आणि आईचा बाहेरचा आवाज ऐकत होतो. कुंकू लावून, हातात वाण देऊन, ती प्रत्येकीला म्हणत होती, "तिळगूळ घे, आणि आमच्या पोराचं चॅनेल विसरू नको." माझी आई. पगार थकला तरी जिने कधी कुणापुढे हात पसरला नाही, ती माझ्यासाठी प्रेक्षक मागत होती.

पाण्याचे पेले घेऊन बाहेर गेलो तर समोरच्या काकूंनीच विचारलं, "काय रे बापू, वाढले काय पाहनारे?"

सगळ्या जणी माझ्याकडे बघू लागल्या. काकूंचं मला जास्त लागलं. त्या एकट्या. संध्याकाळची त्यांची सिरीयल म्हणजे त्यांच्या घरातलं माणूसच. त्यातल्या मुलीचं लग्न कित्येक वर्षं मोडत, जुळत, पुन्हा मोडत होतं, आणि नेमकं त्याच आठवड्यात ते लागणार होतं. ती वेळ त्यांनी आम्हाला दिली होती.

"फरक पडून राहिला काकू," मी म्हणालो.

खोलीत केवढा आनंद झाला! कुणीतरी म्हणालं, "पाहा, आपल्यानं झालं." तेवढ्यात टीव्हीवर एका सामन्याचे हायलाइट्स लागले. आईने वळून विचारलं, "हे तुहंच काय रे?" ते माझं नव्हतं. तिथे टिकलेल्यांपैकी कोणीतरी केलेलं होतं, आणि चांगलं केलं होतं. मी म्हणालो, "हो, माझंच." आईने सगळ्यांना गप्प केलं आणि बायका हातातले तिळगूळ तसेच धरून शेवटपर्यंत पाहत राहिल्या. मी आत जाऊन उगाच भांडी विसळली.

माझ्या त्या "फरक पडून राहिला"ने आईला चेव आला. आता ती जवळच्या सौसरला निघाली, धाकट्या बहिणीकडे. मला बरोबर नेलं, कारण ज्याच्यासाठी मागायचं तो समोर असलेला बरा. मावशीने डिशवर आमचं चॅनेल आधीच सुरू करून घेतलं होतं. मावसाजी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, दिवसभर घरीच. ते मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "बाबू, हाच सामना मंगळवारी पन होता. मी पाहतो, त्याचं काही नाही. पन नवीन काही आलं तर सांगजो." मावशी संत्री सोलून माझ्या हातावर फोडी ठेवत होती. म्हणाली, "आमच्या भजनातल्या बायाइले पन सांगून ठेवलं. तू घाबरू नको. आता सौसर तुह्या पाठीशी हाये."

मी हातातली फोड परत ताटलीत ठेवली.

परतीच्या बसमध्ये खिडकीपाशी आई, मी तिच्या शेजारी. बस संत्र्यांच्या बागांमधून चालली होती. आई बोटांवर मोजत होती की अजून कोणाकोणाला सांगायचं राहिलं. मी म्हणालो, "आई, नको सांगू कुणाला. मला काढलं."

"कधी?"

"इथं यायच्या आधी."

तिची बोटं थांबली. तिने रडायला हवं होतं, निदान ओरडायला तरी. ती शाळेतल्यासारखं एकेक करून विचारत गेली.

"म्हनजे हळदीकुंकवाच्या दिवशी तुही नोकरी नव्हती."

"नव्हती."

"अन् तू म्हनला फरक पडून राहिला."

"म्हणालो."

"अन् ते जे दाखवलं ते?"

"माझं नव्हतं."

तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. मग माझ्याकडे न वळता म्हणाली, "नोकरी गेली त्याची मले लाज नाई. नोकऱ्या जातेत. तुह्या बाबाइची पन एकदा गेली होती. पन त्या बायाइनं माह्या शब्दावर आपलं सोडून तुहं लावलं रे. मी त्याइले काय तोंड दाखवू?"

पांढुर्ण्याच्या बस स्टँडवर उतरलो. मी ऑटो केला, तिने नको म्हटलं. चालत निघाली, माझ्या दोन पावलं पुढे. गल्लीत शिरल्यावर ती आमच्या घराकडे वळली नाही. सरळ समोरच्या काकूंच्या दारात जाऊन उभी राहिली.

काकू पलंगावर बसून वाती वळत होत्या. समोर टीव्हीवर मोटारसायकली धावत होत्या. "या बाई," म्हणून त्यांनी वाती बाजूला सारल्या. आई उंबऱ्यावरच थांबली. तिने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. जिच्या एका हाकेवर सबंध वर्ग चिडीचूप व्हायचा, तिला शब्द सापडत नव्हता. माझ्यामुळे. ते मला बघवेना.

"काकू," मी म्हणालो, "आता नका लावू हे. मला नोकरीवरून काढलं. आधीच काढलं होतं. तुम्ही त्या दिवशी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. आईचा हात धरून त्यांनी तिला पलंगावर बसवलं. मग रिमोट उचलला. मला वाटलं, आता ही बया चॅनेल बदलणार आणि माझ्याशी जन्मात बोलणार नाही, आणि दोन्ही तिचा हक्कच होता. त्यांनी फक्त आवाज कमी केला.

"सगळ्याइलेच काढलं काय रे?"

"नाही. काही जण आहेत अजून."

"त्याइची पन माय असन ना गावाकडे," काकू म्हणाल्या आणि रिमोट खाली ठेवला. "मंग राहू दे लावलेलं. त्याइची नोकरी तं टिकन."

नोकरी गेल्यापासून मी रोज देवापुढे हात जोडून एकच मागत होतो, की ते चॅनेल बुडावं. माझ्यामागे तिथे एकही माणूस उरू नये. काकू चहा ठेवायला आत गेल्या. आई माझ्याकडे बघत होती, आणि मला मान वर करता येत नव्हती.