सुनंदाचं साखर धरणारं प्रथिन

"मॅडम, अक्का गेली... चहा घेता घेता छातीत कळ आली, बस." सुनंदाच्या भावाचा फोन आला, तेव्हा मी लोणारच्या आमच्या प्रयोगशाळेतच होते. महिना उलटला, अजून तिच्या खुर्चीवर कुणी बसत नाही.

ती जवळच्या बीबी गावातल्या, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. आम्ही दोघी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचो. सरोवराकाठच्या खाऱ्या चिखलातून तिनं एक जिवाणू वेगळा केला आणि त्याच्या एका प्रथिनावर पीएच.डी. आरंभली. हे प्रथिन जिवाणूच्या बाहेरच्या पडद्याआड असतं. साखरेचा कण पकडून ते आतल्या पडद्यातल्या दाराशी पोचवतं, आणि साखर कोणत्या बाजूला जास्त आहे याची खबरही देतं. ही दोन कामं ते अंगाच्या वेगवेगळ्या भागांनी करतं, असं सुनंदाचं म्हणणं. तिनं प्रथिनात एका जागी बदल केला. जिवाणू साखर खात राहिले, पण साखरेकडे पोहत जाईनात. सिद्ध झालं! प्रबंध टाइप होऊन विद्यापीठात गेला.

मग सहज तिनं त्यांच्यासमोर दुसरं खाद्य ठेवलं. तिकडेही ते हलले नाहीत. त्यांना पोहताच येत नव्हतं, म्हणजे पुरावा फुकट. मी म्हटलं, "जाऊ दे सुनंदा, कोण तपासतंय?" आज लिहितानाही लाज वाटते...

"मले मालूम हाय ना वं," एवढंच ती बोलली आणि प्रबंध परत घेतला. तिच्या मागून आलेले पुढे गेले. दोन वर्षांनी तिला हवे ते जिवाणू मिळाले. ते दुसऱ्या खाद्याकडे झपाझप जायचे, साखर दिली की खायचे, फक्त साखरेची दिशा त्यांना कळत नव्हती. तिचं म्हणणं खरंच होतं. त्या दिवशी ती टेबलावर डोकं ठेवून रडली.

गेल्या आठवड्यात तिची आई सामान न्यायला आली. मी तिला दोन बश्या दाखवल्या. एकीत साध्या जिवाणूंचं कडं दूरवर पसरलेलं, दुसरीत सुनंदाच्या जिवाणूंचा छोटासा ठिपका.

"हे काऊन बसून राह्यले?"

"काकू, त्यांना साखर खाता येते, पण कुठं आहे ते कळत नाही."

तिनं ठिपक्याची बशी उचलून उजेडात धरली. "मंग सुनंदा याइच्या पुढ्यात साखर नेऊन ठेवे?"

"हो. दर सोमवारी."

"अन् आता?"

"मी ठेवते, काकू."

तिनं बशी हलकेच माझ्या हातात दिली.