खात्यात लिहिलेला पत्ता : रनाळे ते विसरवाडी

फाल्गुनाच्या अखेरीस मी रनाळ्याहून विसरवाडीला जाऊन आलो. वाट नवी नव्हती. पंधरा दिवसांपूर्वीच माझा मेहुणा किसन याच्या मुलीच्या लग्नाला आम्ही नवराबायको त्याच वाटेने गेलो होतो. तरी या खेपेबद्दल लिहून ठेवतो आहे, कारण आपल्या भागातली बरीच पोरे लढाईवर गेली आहेत. त्यांच्या आईबापांवर अशी वेळ आली तर रस्ता ठाऊक असावा, आणि लष्करी खात्याची रीतही.

माझा मुलगा उत्तम लष्करात मोटार चालवतो. दिवाळीपासून त्याचे पत्र नव्हते. मी दिल्लीला खात्याकडे दोन अर्ज धाडले. त्यांवर खात्याचे नाव एका जुन्या कागदावरून उतरवले होते. मागच्या लढाईत माझा थोरला भाऊ बसऱ्याला गेला आणि तिकडेच कामी आला, तेव्हा आमच्या वडिलांना आलेला तो कागद. लष्कराच्या खात्याचे दुसरे नाव मला माहीत नव्हते.

उत्तर आले ते इंग्रजीत. मी चौथीपर्यंत शिकलेला, पोथी वाचतो, पण इंग्रजी येत नाही. पाकीट फोडून कागद उलटासुलटा पाहिला. उत्तमचे नाव तेवढे ओळखीचे वाटले. त्याच्या पुढेमागे काय लिहिले आहे ते कळेना. उत्तमच्या आईला म्हणालो, "नंदुरबारले जाई येस. बियानं आननं शे." ती माझ्याकडे पाहत राहिली. फाल्गुनात कोण बियाणे आणतो?

पहाटे गाडी जुंपली. मारुतीच्या देवळापाशी उतरून नमस्कार केला, पण मागणे काही सुचले नाही. ऊन चढायच्या आत नंदुरबार गाठले. या दिवसांत बैलगाडीने जाणाऱ्याने मिरचीच्या बाजारातून बैल नेऊ नयेत. ढीगच्या ढीग वाळत पडलेले असतात आणि जनावरे शिंकून बेजार होतात. मी गाडी बाहेर सोडली आणि उपरण्याने नाक झाकून बाजार पार केला.

पलीकडच्या गल्लीत वामनराव राहतात. सिमल्याला आणि दिल्लीला लष्करी खात्यात कारकुनी करून पेन्शनीत निघालेले गृहस्थ. त्यांनी चष्मा पुसला, कागद वाचला, पुन्हा वाचला. मी त्यांच्या ओठांकडे पाहत होतो.

"वाईट नाही," ते म्हणाले. "पण चांगलंही काही नाही. आणि पाटील, अर्ज कोणाला लिहिलात? ते खातं मरून किती दिवस झाले!"

"खातं कसं मरेल?"

"नावानं मरतं. मी चिकटलो तेव्हा मिलिटरी डिपार्टमेंट होतं. मग बडा लाट म्हणजे व्हाइसरॉय आणि जंगी लाट म्हणजे सरसेनापती, यांचं भांडण लागलं. खातं चिरलं. लढाई एकीकडे, पुरवठा दुसरीकडे. पुरवठ्याचा तुकडा दोन-तीन वर्षांत बुडाला. उरलं ते आर्मी डिपार्टमेंट. तुमच्या भावाचा कागद त्या वेळचा. पुढं त्याचं डिफेन्स केलं. आता ही लढाई लागल्यावर पुन्हा दोन, एक वॉर आणि एक डिफेन्स."

"मग माझा अर्ज कुठे गेला असेल?"

"पोचला की! पाटी रंगवणारा बदलतो, दप्तर तेच राहतं. किती पाट्या बदलताना पाहिल्या मी. आतली कपाटं कोणी हलवली नाहीत."

मग त्यांनी उत्तराचा अर्थ सांगितला. शिपायाची खबर, बरी असो की वाईट, त्याने भरतीच्या वेळी जो पत्ता लिहून दिला असेल तिथेच जाते. आणि उत्तमने दिलेला पत्ता रनाळे नाही.

उत्तम मोटार शिकला तो विसरवाडीला, मामाकडे राहून. भरतीची गाडी तिथल्याच नाक्यावर आली होती. म्हणजे पत्ता मामाचा. म्हणजे काही आले असेल तर ते किसनच्या घरी आले असेल. आणि पंधरा दिवसांपूर्वी त्याच घरी आम्ही चार दिवस जेवलो होतो.

बैल ओळखीच्यांकडे बांधून मी स्टेशन गाठले. विसरवाडीला जाणाऱ्याने नंदुरबारहून खांडबाऱ्याचे तिकीट काढावे. काही आण्यांत काम होते, पण हल्ली गर्दी फार, तेव्हा तासभर आधी यावे आणि भाकरी-ठेचा बरोबर ठेवावा. स्टेशनावरच्या चहात गूळच असतो, साखर मिळत नाही. पुढचे दोन डबे शिपायांनी भरलेले होते. माझ्याजवळच्या म्हातारीने ते पाहून विचारले, "हाई गाडी लढाईले जास का रे भाऊ?"

"नही माय, सुरतले," कोणीतरी म्हणाले.

"मंग बरं. माले खांडबाराले उतरनं शे. मन्ही बकरी व्यायेल शे."

डबा हसला. मीही हसलो. चाकांच्या ठेक्यावर नाम घेत बसलो. चारदोनदा घेतले की मन विसरवाडीच्या ओट्यावर जाई. लग्नात किसन माझ्याशी नीट बोलला नव्हता, हे आता आठवले. तेव्हा वाटले होते, कामाची धांदल.

खांडबाऱ्याहून लाकडाच्या लॉऱ्या विसरवाडीकडे जातात. पेट्रोल मिळत नसल्याने मागे कोळशाची भट्टी लावलेली असते, तिच्या धुरावर गाडी चालते. चालक आधीच बजावतो, "बाबा, चढ उना का उतरनं पडी, धक्का देना पडी." दोन ठिकाणी दिला. धोतर काळे झाले. जुने नेसून जावे.

नाक्यावर किसनचे किराण्याचे दुकान, मागे घर, बाजूला गोठा. सासूबाई ओट्यावर डाळ निवडत होत्या. मला एकट्याला पाहून सूप बाजूला पडले. त्यांनी तोंडावर पदर ओढला.

"जवाई एखलाच उना! त्यासले समजनं वं माय!"

"काय समजनं?" मी विचारले.

किसन दुकानातून धावत आला. "आई, गप ऱ्हाय! दाजी, बठा, पाय धवा."

"पाय नंतर. काय उनं शे?"

तो जमिनीकडे पाहून बोलला. "चिठ्ठी उनी शे. महिना व्हई गया. कोपरा फाटेल शे."

आपल्याकडे मरणाचे पत्र कोपरा फाडून धाडतात आणि असे पत्र उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, हे वाचणाऱ्यांना सांगायला नको. मी ओट्याच्या कडेला बसलो.

"वाची का नही?"

"कशी वाचतस, दाजी? वाची असती ते सुतक लागतं. लगीन तोंडवर व्हतं. ताई हळद लावाले येल व्हती, ती हसी ऱ्हायनी व्हती..."

"आनि लगीन नंतर?"

"मंग हिंमतच नही व्हयनी."

पाकीट गोठ्याच्या भिंतीच्या खोबणीत होते, दोन विटांमध्ये. किसनने लांबूनच बोट दाखवले. मी काढले. वर इंग्रजी पत्ता, एक कोपरा खरेच नाही, आणि कापलेल्या कडेवर छापील अक्षरांची चिकटपट्टी. देवाचे नाव तोंडात आले ते अर्धेच. पट्टी फाडली. आत मराठी ओळी होत्या आणि ते अक्षर उत्तमचे होते. जाड, उभे, काने शेपटासारखे लांब. मेलेला माणूस स्वतःच्या मरणाचे पत्र लिहीत नाही, एवढे समजायलाही मला थोडा वेळ लागला.

मी मोठ्याने वाचले. "मी खुशाल आहे." पुढच्या दोन ओळी काळ्या शाईने खोडलेल्या. लष्कराची माणसे पोरांची पत्रे उघडून तपासतात. त्या उघडण्यातच कोपरा गेला होता.

सासूबाईंनी उठून किसनच्या पाठीत बुक्का घातला. "मेल्या, महिनाभर मन्हा गयाखाल घास उतरना नही!" तो मार खात हसत होता आणि डोळे पुसत होता. मला त्याचा राग आला नाही असे लिहिले तर खोटे होईल. रात्री नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ वाढली, तेव्हा मी त्याच्याशी बोललो नाही. सकाळी बोललो. त्याच्या जागी मी असतो तर पत्र वाचून लग्न मोडले असते का, हे मला सांगता येईना.

पत्राचा शेवट मी तिथे वाचून दाखवला नव्हता. तो असा होता: "बाबा, पत्ता मामाचा दिला आणि हे पत्रही आईसमोर वाचले जाऊ नये म्हणून तिकडेच धाडले, तरी रागावू नका. काकाचा कागद आला तेव्हा आजी दारातच पडली, हे तुम्हीच सांगता. काही वाईट आले तर मामा आधी तुम्हाला एकट्याला सांगेल. आईला तुम्ही सांगा." खाली तारीख होती, तीन महिन्यांपूर्वीची. तेव्हा तो खुशाल होता. आज?

परतताना वामनरावांकडे थांबलो आणि म्हणालो, पत्ता माझ्या नावाचा करून द्या. ते म्हणाले, "ते माझ्या हातात नाही, खात्याच्याही नाही. शिपायानं स्वतः सांगितलं तरच नोंद बदलते. पोराला लिहा." तेव्हा ज्यांची पोरे गेली आहेत त्यांनी त्यांना आजच विचारावे, की नोंदीत नाव कोणाचे दिले आहे.

घरी आलो. उत्तमच्या आईने बियाण्याचे विचारले नाही. मी पत्र वाचले, आणि या वेळी शेवटही वाचला. कोपऱ्याची, गोठ्याची, लग्नाची सगळी हकीकत सांगितली. मग तिने विचारले,

"मी हळद लाई ऱ्हायनी व्हती तवय चिठ्ठी गोठामा व्हती?"

"हो."

"पोऱ्या लपाडस, भाऊ लपाडस, तुम्ही बियानं आनाले जातस. त्याले लिखा, पत्ता मन्हा नाववर कर."

"तुले वाचता कोठे येस?"

"वाचशात तुम्हीच. पन हातमा आधी मी घेसू."

मी तसे लिहिले. उत्तमला ते पटेल की नाही, पत्र त्याच्यापर्यंत पोचेल की नाही, मला माहीत नाही. विसरवाडीची ती खेप आता मनात फारशी येत नाही. पत्र टाकून महिना होत आला. टपालवाल्याची घंटा ऐकू आली की पूर्वी मी उठत असे. आता ती उठते, ओले हात लुगड्याला पुसते आणि ओट्यावर जाऊन उभी राहते. मी आतच बसतो, आणि ती वळेपर्यंत तिच्या पाठीकडे पाहत राहतो.