कपाळामागचा मेंदू

गुढीपाडव्याचा आदला दिवस. मागणी साठ हजारांची. हजर: आई, वहिनी, मी आणि जबडा तारांनी बांधलेला चुलतभाऊ. पुणतांब्याच्या आमच्या घरामागे, गोठ्यात, माझा थोरला भाऊ बैलाच्या साखळीने बांधलेला होता.

दोन वर्षांपूर्वी कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून याच चुलतभावाने त्याच्या कपाळात पहार घातली होती. जखम भरली, भाऊ शेतात जाऊ लागला, म्हणून आम्ही आपसात मिटवलं. मग तो बदलला. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून त्याने वहिनीचा हात तव्यावर दाबला. माझं मनगट मोडलं. शेवटी फावड्याच्या दांड्याने चुलतभावाचा जबडा फोडला.

"पैसे द्या, न्हाईतर केस करतो," चुलतभाऊ मिटल्या दातांतून म्हणाला.

"आधी ह्यांना दवाखान्यात न्यायचं," वहिनी म्हणाली. "अन् भावजी, तुमी संगं चला. मारायला जोर हुता, धरायला न्हाई व्हय?"

तो आला. दक्षिणेतल्या राष्ट्रीय मेंदू संस्थेपर्यंत जीपमध्ये त्यानेच भावाला धरून ठेवलं. वाटेत भावाने त्याच्या दंडाचा लचका तोडला. त्यानेही भावाचं डोकं सीटवर आपटलं. सीट रक्ताने भिजली.

भावाची तपासणी चालू असताना एका वयस्क डॉक्टरांनी आम्हाला मेंदू ठेवलेल्या खोलीत नेलं. "आपल्याकडे हा अभ्यास सुरू झाला तेव्हा यंत्रं नव्हती," ते हिंदीत सांगत होते. "आमचे गुरू मेलेल्या माणसांचे मेंदू हातात घेऊन शिकवायचे. नातेवाइकांनी दिलेले. कितीतरी मारामारीतले." त्यांनी एक मेंदू पुढे केला. कपाळामागचा भाग चेचून तपकिरी झालेला. "हाही जखम भरल्यावर कामाला लागला होता. पण राग आवरणारी जागाच गेली होती. घरच्यांनी बांधून मारला."

"पहारीनं असंच हुतं?" चुलतभावाने विचारलं.

"कशानेही होतं."

तो बाहेर जाऊन पायरीवर बसला.

औषधाने राग कमी होईल, जाणार नाही, असं कळलं. घरी आल्यावर वहिनीने साखळी काढली. आठवड्यात भावाने आईवर पाटा उचलला. चुलतभाऊ धावत आला, त्याने मागून मिठी घातली. भावाचं कोपर त्याच्या जबड्यावर बसलं, तार हिरडीत घुसली, तरी त्याने भावाला सोडलं नाही, मारलंही नाही.

केस झाली नाही. जबड्याच्या खर्चाचे अठरा हजार त्याने माझ्याकडून रोख घेतले. बाकीचे सोडले. आणि कालव्याची स्वतःची पाळी वहिनीला दिली.