रजईवरची बिनदोऱ्याची वाट

लग्नात वडिलांनी मला पायानं चालवायची शिवणाची मशीन दिली आणि त्या मशीननंच मला जालन्याच्या घरात खिळवून ठेवलं. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. मशीनचा दाब काढायचा, कापड पुढं ओढणाऱ्या दात्यांवर पत्र्याची पट्टी बसवायची, की कापड मोकळं होतं. हात नेतील तिकडं सुई जाते. मोर, कोयऱ्या, वेली, सगळं एका रेघेत. कापडाएवढी मोकळीक मला असती तर आणखी काय हवं होतं?

सासूबाईंचा एक नेम होता. लग्नाच्या रजईची रेघ काठापासून निघून काठालाच संपली पाहिजे. मध्ये तोडायची नाही आणि स्वतःला कापून जायची नाही. तसं झालं तर पोरीचा संसार मोडतो, असं त्या मानत.

नणंदेच्या रुखवतासाठी गुलाबी साटिनची रजई चालू होती. नागपंचमी तोंडावर आली. लग्न झाल्यापासून मी माहेरी, कुंभार पिंपळगावला, गेलेच नव्हते. भाऊ न्यायला आला. सासूबाईंनी त्याला ओट्यावर चहा दिला आणि आत येऊन मला म्हणाल्या, "रजई पुरी कर, मंग जाय. मी अडवायची न्हाई."

मधला मोर तेवढा राहिला होता. कान ओट्याकडं, पाय मशीनवर. मोर झाला आणि बघते तर बाहेर पडायला फटच ठेवली नव्हती. चारी बाजूंनी माझ्याच वेली. ओट्यावरून भाऊ गाडीची वेळ झाल्याचं सांगत होता. माझं डोकं फिरलं. मोराची मान कापत, वेली कापत मी मशीन सरळ काठापर्यंत हाणली.

सासूबाई ओरडल्या नाहीत. रेघेवरून बोट फिरवून त्यांनी ती उसवायला सांगितली. भाऊ एकटाच गेला. माझी भरलेली ट्रंक मशीनशेजारी तशीच राहिली.

पंचमीला गल्लीतल्या बायका झोके घेत होत्या आणि मी ब्लेडनं टाके काढत होते. साटिनवर डाग पडू नये म्हणून तोंड फिरवून रडायचं. मग थोडी वेल उसवून मोराला नेमाला धरून वाट काढून दिली. त्याची सुटका झाली.

दोरा निघाला, पण साटिनवर सुईची भोकं राहिली. रुखवतात बायकांनी विचारलं, मोरापासून काठापर्यंत ही टिंबांची कसली नक्षी?

"आमच्या सुनंची नवी तऱ्हा हाय," सासूबाई म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाला बिलकुल जमायची न्हाई."

झालं. ज्या घरी लग्न, त्या घरची रजई माझ्याकडं, आणि प्रत्येकीला तीच टिंबं हवीत. मोर पुरा करून रेघ काठाला नेली की मी सुईतला दोरा काढायची आणि रिकामी सुई मोरापासून काठापर्यंत न्यायची.

पुढच्या पंचमीला भाऊ पुन्हा न्यायला आला. मी मशीनवर होते, सुई बिनदोऱ्याची काठाकडं चालली होती, आणि ओट्यावर सासूबाई त्याला सांगत होत्या की एवढी एक रजई झाली की पाठवते.